नव्याण्णव टक्के

पडद्याच्या तळाशी एकतीस हा आकडा होता आणि वर, हिरव्या पट्टीत, नव्याण्णव टक्के. अश्वजित दारातच थांबला. खांद्यावरची बॅग उतरवायची राहून गेली. तळाचा आकडा मुंगीएवढा, करड्या रंगाचा. त्याचा अर्थ उभ्या वर्धा जिल्ह्यात त्याच्या एकट्यालाच माहीत होता, कारण तो त्यानेच, फक्त स्वतःसाठी, तिथे ठेवला होता. दोन हजार नऊशे पानांपैकी एकतीस पानं वाचून झाली होती. पुढे काही झालं नव्हतं आणि होतही नव्हतं, कारण आकडा हलत नव्हता. पट्टी मात्र गच्च भरलेली होती, उजव्या टोकाला नखाएवढी पांढरी फट ठेवून. तिच्यासमोर, बाकाच्या अगदी कडेला, साठीचा एक माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. धुतलेला पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, मांडीवर प्लास्टिकची फाइल. चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसा तो पट्टीकडे बघत होता. चाहूल लागली तशी त्याने मान वळवली, आणि ओळखदेख नसताना आनंदाने सांगितलं, "नव्याण्णव झालं. आता एकच राह्यला."

ही खोली वर्ध्यातल्या एका जुन्या शिक्षण संस्थेच्या कचेरीची. संस्थेच्या जिल्हाभरात बारा शाळा, त्यातल्या काही शंभरी गाठलेल्या. कोणतं मूल कधी शाळेत आलं, बापाचं नाव काय, जात काय, शाळा कधी सोडली, हे सगळं ज्यांत लिहिलेलं असतं ती दाखल-खारीज रजिस्टरं इथल्या तीन लोखंडी कपाटांत ठेवलेली होती. जात पडताळणीला पन्नास सालाच्या आधीचा पुरावा लागतो, आणि कष्टकऱ्याच्या घरात त्या काळचा दुसरा कागद बहुधा नसतोच, म्हणून लोक बापाची, आजोबाची नोंद शोधत इथे येतात. दोन वर्षांपूर्वी अश्वजितने संस्थेला एक प्रोग्राम करून दिला होता. सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले. नाव टाकलं की प्रोग्राम एकेक पान उघडतो, ते जुनं हस्ताक्षर लावून बघतो आणि जुळेल ती ओळ समोर आणून ठेवतो. कचेरीतलं कॉम्प्युटर म्हातारं. एका शाळेची रजिस्टरं चाळायला त्याला तीन तास लागायचे, आणि त्या तीन तासांत लोकांनी काय बघायचं, म्हणून ती पट्टी.

"या अश्वजितभाऊ," टेबलामागून वासुदेवराव म्हणाले. ते इथले कारकून, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. "प्रिंटरमधून काळ्या रेघा येऊन राह्यल्या. तुमाले त्याच्यासाठीच बोलावलं." मग बाकावरच्या माणसाला, "हे अश्वजितभाऊ. हे सारं यायनंच बनवलं." तो माणूस लगबगीने उठला, फाइल काखेत धरून त्याने हात जोडले. "जय भीम साहेब. मी प्रेमदास, नाचणगावचा." अश्वजितही जय भीम म्हणाला, पण तोंडातल्या तोंडात. हात न जोडायला बॅगेचा पट्टा हातात असल्याचं निमित्त त्याला मिळालं. प्रेमदास पुन्हा कडेलाच बसले. अख्खा बाक रिकामा होता, तरी ते कडेलाच बसले, कारण तिथून पडदा नीट दिसत होता.

तो पडदा तसा फिरवून ठेवायची शक्कल वासुदेवरावांची. आधी लोक दर पाच मिनिटांनी विचारायचे, किती झालं, किती झालं. वासुदेवरावांचं डोकं खायचे. मग त्यांनी ठरवूनच टाकलं. नाव टाकायचं, शोध सुरू करायचा आणि पडदा उचलून बाकाकडे फिरवून द्यायचा. पाहा आणि बसा. लोकही पट्टी बघून आपापला हिशेब करू लागले. चाळीस झालं की बाजारात जाऊन यायचं, सत्तर झालं की घरी फोन करायचा, नव्वदनंतर जागचं हलायचं नाही. ही रीत गेल्या वर्षी वासुदेवरावांनी त्याला कौतुकाने सांगितली होती आणि त्यालाही कौतुक वाटलं होतं. आज त्याला त्या पडद्याची मागची बाजू दिसली. पडदा फिरवताना त्याच्या जाड वायरीने शेजारच्या काळ्या डबीची बारकी वायर ओढून काढली होती. सगळ्या पानांचे फोटो त्या डबीत. म्हणजे अकराला शोध सुरू झाला, दोन मिनिटांनी पडदा प्रेमदासांकडे वळला आणि त्याच क्षणी काम बंद पडलं. आता अडीच वाजून गेले होते. साडेतीन तास हा माणूस बंद पडलेल्या कामाकडे बघत बसला होता आणि काम होतंय म्हणून खूश होता.

पट्टी मग चालली कशाने, हा प्रश्न खोलीत कुणालाच पडला नव्हता. अश्वजितला उत्तर पाठ होतं. ती घड्याळावर चालत होती. सुरुवातीला त्याने ती खरी केली होती, पानागणिक सरकणारी. मग संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव चार मंडळींना घेऊन बघायला आले. पहिलंच रजिस्टर फाटकं, वाळवीने खाल्लेलं. प्रोग्राम एकेका पानावर अडत होता आणि पट्टी बारावर जी थांबली ती हलेना. सदाशिवराव काही वाईट बोलले नाहीत. घड्याळाकडे बघून फक्त म्हणाले, "हे तं हालतच नाई बाप्पा. बंद पडलं का?" चार मंडळी हसली. अश्वजितचे कान तापले. तो सांगत राहिला की आत काम चालू आहे, पण आत काय चाललंय हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला पटवणं त्याला कधीच जमलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अकरा ओळी लिहिल्या. पट्टी साठपर्यंत भराभर जावी, नव्वदपर्यंत बेताने, मग मुंगीच्या पावलाने नव्याण्णवपर्यंत, आणि खरं उत्तर येईपर्यंत तिथेच थांबावी. आत काम चालो वा न चालो, घड्याळ चालत असतंच. नव्याण्णवच्या पुढे मात्र आपलं आपण जायची तिला मनाई होती. त्याच्या प्रामाणिकपणाची सीमा त्या एका टक्क्यावर होती. पुढच्या खेपेला सदाशिवराव पाठ थोपटून म्हणाले, "आता बरं दिसते." आणि बरं दिसतं म्हटल्यावर त्या अकरा ओळी तो विसरूनही गेला. पुण्याच्या एका मित्राला त्याने हे हसत सांगितलं होतं. मित्र म्हणाला, सगळेच असं करतात. तेव्हा ते ऐकून त्याला हलकं वाटलं होतं.

प्रिंटर बघायचा म्हणून तो टेबलाखाली वाकला आणि त्याने काळ्या डबीची वायर घट्ट बसवली. वाकलेल्या अवस्थेतच त्याला जाणवलं की उठून सरळ सांगता येईल. काका, हे बंद पडलं होतं, नव्याने सुरू करावं लागेल, ही पट्टी खोटी आहे. चार शब्द. पण ते ऐकताना वासुदेवरावांचं तोंड कसं होईल, ते सदाशिवरावांना काय सांगतील, दोन वर्षांत या पट्टीपुढे बसून गेलेले सगळे लोक, हे सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. तो उठला आणि म्हणाला, "पडदा जरा इकडे घेतो हं, प्रिंटरचं बघायचंय." पडदा वळवला. प्रोग्राममध्ये एक गुपित कळ होती, पट्टीला धक्का न लावता शोध पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करणारी. तीही त्याने मंडळींना दाखवायच्या दिवसांसाठी केली होती, न जाणो मध्येच काही अडलं तर चारचौघांत हसं नको म्हणून. ती त्याने दाबली. तळाचा आकडा एकतीसवरून एकवर आला आणि दोन, तीन असा चालू लागला. वर नव्याण्णव जसंच्या तसं. मग त्याने पडदा जपून, दोन्ही वायरी एका हाताने सांभाळत, पुन्हा बाकाकडे फिरवला. भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते. चहा आणतो असं सांगून तो बाहेर पडला. जिन्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आत्ता, या वयात, पुन्हा एकदा तेच केलं. मघापर्यंत निदान चूक जुनी होती.

तो दोन ग्लास घेऊन परत आला. प्रेमदास खाली चहा प्यायला येणार नाहीत हे त्याला माहीत होतं, नव्वदनंतर कुणीच हलत नाही. प्रेमदासांनी ग्लास घेतला, पण नजर पट्टीवरच. बोलताना मात्र ते मोकळे होते. आयुष्य सूतगिरणीत गेलं, आता घरीच. मुलगी काजल बारावीत चांगल्या मार्कांनी पास झाली आणि नागपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात तिचं नाव लागलं. पडताळणीचा अर्ज आज पाच वाजेपर्यंत समितीच्या खिडकीत टाकायचा आणि त्याची पावती कॉलेजाला दाखवायची. अर्जाला बापाच्या बापाची नोंद हवी. "चार शाळा फिरलो. एका ठिकाणी म्हणे रजिस्टर पुरात गेलं. एका ठिकाणी म्हणे उद्या या, असे आठ उद्या झाले. मंग कोणी सांगतलं, वर्ध्याले मशीन आहे, ते सारं वाचते." ते हसले. "माझा बाप सोमाजी. दुसरी शिकला, व्हरांड्यात बसून. छप्पन साली नागपूरले गेलता दीक्षा घ्याले, पायी. ते जातीचं नाव तिथंच टाकून आला म्हणे. घरात कोणी चुकून बोललं तं जेवत नसे. अन् मी आता तेच नाव शोधून राह्यलो, सरकारी शाईतलं. सापडलं पाह्यजे म्हणून हात जोडून राह्यलो. पोरीसाठी करा लागते. बापाले कळलं असतं तं काय म्हटलं असतं, काय माहीत."

अश्वजितला हे नवीन नव्हतं. त्याची स्वतःची पडताळणी वडिलांनी, बापूरावांनी, अशीच केली होती. बापूराव एसटीत कंडक्टर. रजा काढून ते बारावीतल्या पोराला बरोबर घेऊन शाळा शाळा हिंडले होते. पाचव्या शाळेत एका पिवळ्या पानावर आजोबांचं नाव सापडलं आणि पुढच्या रकान्यात तो शब्द. बापूरावांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. हेडमास्तर म्हणाले, झालं नं, उचला आता. पुढे हैदराबादची नोकरी सोडून अश्वजित वर्ध्याला परतला तेव्हा त्याने हे काम अंगावर घेतलं ते त्या बोटामुळे, असं तो लोकांना सांगायचा. कुणाच्या बापाला आता दारोदार हिंडावं लागू नये. हे सांगताना त्याचा आवाज थोडा भरून यायचा आणि ऐकणाऱ्यांनाही बरं वाटायचं. ते खोटं नव्हतं. पण आज, हातात चहाचा ग्लास घेऊन, ते आठवल्यावर त्याला स्वतःचा तो भरून आलेला आवाज आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तळाचा आकडा तीनशे ऐंशी. पहिली रजिस्टरं फाटकी, म्हणून वेग बेताचा. एवढ्या वेळात दोनदा तोंड उघडून त्याने दोनदा चहाचा घोट घेतला होता.

आणि खोटं सांगायची ही त्याची जुनी खोड होती. ती प्रोग्राममधून आलेली नव्हती, प्रोग्राममधली पट्टीच तिच्यातून आली होती. आई, पंचफुलाबाई, स्वयंपाकघरातून विचारायची, किती झाला रे अभ्यास? तो कोऱ्या वहीसमोरून ओरडायचा, झालाच आई, थोडा राह्यला. त्या थोड्याने आईचा जीव शांत व्हायचा आणि याचाही. फार तर रात्रीपर्यंत खरंच तो अभ्यास व्हायचा, मग खोटं बोललो असं वाटायचंही नाही. आधी समाधान द्यायचं, काम मागून करायचं. ही सवय इतकी अंगात भिनली की हैदराबादला असताना बापूरावांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात नेलं तेव्हाही तिनेच तोंड उघडलं. सकाळी नऊला फोन आला. "कुठवर आला रे?" त्याची रात्रीची गाडी चुकली होती. पहाटेच्या गाडीत तो बसला होता आणि ती आदिलाबादच्या अलीकडे बंद पडून उभी होती. तो म्हणाला, "जामले उतरलो बाबा. इथून पकडतोच आता." इतका सहज म्हणाला की क्षणभर त्याला जामचा चौक, टपऱ्या, वर्ध्याकडे वळणारा रस्ता डोळ्यांसमोर दिसला. पण समोरचा माणूस अठ्ठावीस वर्षं त्याच रस्त्यावर तिकिटं फाडलेला. जाम म्हटल्यावर बापूरावांनी मनात थांबे मोजले आणि सव्वा तास ठरवला. आईने नंतर सांगितलं, धुतलेला सदरा मागून घातला, खाटेच्या काठावर बसले, नर्स म्हणाली झोपा तर म्हणाले पोरगा सव्वा तासात येते, त्याले झोपलेला कशाले दिसू. सव्वा तास झाला, दोन झाले, तीन झाले. आतून बोलावणं आलं तेव्हाही दाराकडे बघत होते. अश्वजित पोचला तेव्हा ते शुद्धीवर येत होते. पुढे बापूराव चांगली सहा वर्षं जगले. त्या दिवसाबद्दल ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्यानंतर त्याला, कुठूनही येत असला तरी, फोनवर कधीच विचारलं नाही की कुठवर आलास. पोचशील तवा ये, एवढंच म्हणायचे. आपल्या बापाने आपल्याला एक प्रश्न विचारणं बंद केलं, हे त्याला त्यांच्या मरणानंतर कळलं. ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं.

प्रेमदासांचा फोन वाजला तेव्हा चारला दहा कमी होते. फोन स्पीकरवर. त्यांना तसंच ऐकू यायचं. "बाबा, किती झाले?" मुलीचा आवाज बारीक पण ठाम होता. "नव्याण्णवच आहे बेटा. मघाशी फोटो पाठवला नं तुले." "पाह्यला. बाबा, ऐका. सेवाग्रामकडच्या नर्सिंग कॉलेजातून फोन आलता. तिथं हा कागद लागत नाई, पण चारच्या आत हो म्हणा लागते. हो म्हटलं की नागपूरचं नाव कटते. नाई म्हटलं तं इथली जागा दुसऱ्या पोरीले देतात. काय करू?" प्रेमदासांनी पट्टीकडे पाहिलं. मग त्यांनी अश्वजितकडे पाहिलं. विचारलं नाही काही, नुसतं पाहिलं, घरातल्या शिकलेल्या माणसाकडे बघावं तसं. पडद्याच्या तळाशी आकडा हजाराच्या जवळ आला होता. दोन हजार नऊशेपैकी हजार. अश्वजितला वाटलं, आता बोलायचं. आणि त्या एका क्षणात त्याच्या डोक्याने एक हिशेब मांडला, पुढची रजिस्टरं चांगली आहेत, वेग वाढेल, सोमाजीचं नाव कदाचित पुढच्याच पानावर असेल, मग कुणाला काही सांगायची गरजच उरणार नाही. तो मान हलवल्यासारखं काहीतरी करून ग्लासाच्या तळाकडे बघू लागला. ती मान होकाराची होती की नकाराची, हे त्याने पुढे स्वतःलाही कधी विचारलं नाही, कारण प्रेमदासांनी ती होकाराची धरली होती. "सोड ते," ते फोनमध्ये म्हणाले. "इथं काम होऊनच राह्यलं. तुले इंजिनिअर व्हायचं होतं नं. मंग तेच कर. भिऊ नको." पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला. "बरं बाबा." फोन बंद झाला. टेबलामागे वासुदेवराव कागदांना टाचण्या लावत होते. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. अश्वजितने पाहिलं, तळाशी अकराशे दोन.

पुढचा तास तो प्रिंटरशी बसून राहिला. प्रिंटर पाच मिनिटांत दुरुस्त झाला होता. तरी त्याने तो उघडला, पुसला, मिटला, पुन्हा उघडला. काळ्या रेघा गेल्या तसे वासुदेवराव खूश झाले, म्हणाले, तुमच्या हाताले गुण आहे बाप्पा. आकडा बाराशे, चौदाशे, सोळाशे. पान उलटण्याची ती मुकी गती तो पाठीने मोजत होता. शरम ही गोष्ट त्याला आजवर तोंडावर येणारी वाटायची, लालबुंद करणारी. आज ती पोटऱ्यांत होती. उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. साडेचारला त्याने मनाशी म्हटलं, आता सांगून तरी काय, ती जागा तर गेली. ते मनाशी म्हटल्यावर त्याला किंचित बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला किळस आली. पावणेपाचला प्रेमदास हळूच म्हणाले, "साहेब, हा एक टक्का केवढा मोठा असते?" त्यांच्या आवाजात कुरबूर नव्हती. खरोखरच जाणून घ्यायचं होतं. फाइलमधले कागद त्यांनी काढून, क्रमाने लावून, पुन्हा आत ठेवले. समितीची कचेरी ऑटोने दहा मिनिटांवर होती. खाली ऑटोवाल्याला ते दुपारीच सांगून आले होते, तयार राह्यजो म्हणून. पाचला दहा कमी. पाचला पाच. अठराशे नव्वद. नाव सापडलं नव्हतं. मग कुठलीशी घंटा झाली आणि वासुदेवराव म्हणाले, "आता समितीची खिडकी बंद झाली असन." प्रेमदास पट्टीकडेच बघत होते. बघता बघता ते म्हणाले, "नव्याण्णव म्हणजे फार झालं होतं. आपलंच नशीब." आणि वासुदेवरावांना, "तुमाले दिवसभर तरास दिला."

तेव्हा अश्वजित बोलला. नशीब हा शब्द त्याला सहन झाला नाही. तो उभा राहून, प्रिंटरला टेकून बोलला, आणि कचेरीत नेहमी बोलतो तशी पुस्तकी भाषा तोंडात आलीच नाही. "काका, नशीब नाई. हे बंद होतं. सकाळी अकरापासून बंद होतं. पडदा फिरवला तवा वायर निघाली. मी आलो तवा एकतीस पानं झालती फक्त. मी वायर लावली अन् चुपचाप पहिल्यापासून चालू केलं. हे टक्के खोटे आहेत. ते घड्याळावर चालतात, कामावर नाई. मीच तसे केलेत." वासुदेवरावांच्या हातातली टाचणी तशीच राहिली. "खोटे म्हणजे?" ते म्हणाले. "सगळ्यायलेच खोटे दाखवले का?" अश्वजित हो म्हणाला. ते उठले, कपाटापाशी गेले, उगाच त्याचं दार लोटून पाहिलं आणि परत येऊन बसले. प्रेमदासांनी चष्मा काढला, त्याच्या घरात ठेवला. मग लोखंडी कपाटांकडे बोट दाखवून विचारलं, "रजिस्टरं इथंच आहेत नं? खरी?" "हो." "मंग तीन वाजता सांगतलं असतं तं आपण तिघायनं हातानं पाह्यलं असतं. मले वाचता येते. मोडी नाई येत, बाकी सारं वाचतो मी." एवढंच ते म्हणाले. त्यात ओरडणं नव्हतं. शिवी दिली असती, कॉलर धरली असती, तर अश्वजितला त्याच्यामागे लपायला जागा मिळाली असती.

फोन पुन्हा वाजू लागला. फोनवर काजलचं नाव. प्रेमदासांनी तो उचलला नाही. तळहातावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. "तुमी बोला. सकाळपासून मी तिले आकडे सांगून राह्यलो, वीस झालं, साठ झालं. माझ्या तोंडातून आता आकडा नाई निघत." अश्वजितने फोन घेतला. "बाबा, झालं का?" ती म्हणाली. मागे रस्त्याचा आवाज होता, ती कुठेतरी बाहेर उभी असावी. त्याने आपलं नाव सांगितलं, प्रोग्राम कोणी केला ते सांगितलं, वायरीचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. काही गाळलं नाही, निदान गाळतोय असं त्याला वाटलं नाही. त्याने सांगून संपवलं आणि वाट पाहिली, रडण्याची किंवा फोन आपटण्याची. पलीकडे एक मोटारसायकल गेली.

"एकूण पानं किती?" तिने विचारलं.

"दोन हजार नऊशे."

"चार वाजता किती झालते?"

आठवत नाही असं म्हणता आलं असतं. जीभ त्या शब्दापाशी जाऊन आली, इतकी तिला सवय. "अकराशे दोन," तो म्हणाला.

तिला गणिताला एक क्षण लागला. "अडतीस टक्के," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मी बाबाले इचारलं, सोडू का म्हणून. तवा तुमी कुठं होते?"

"इथंच. तुझ्या बाबांच्या शेजारी."

"अन् तुमाले दिसत होतं ते. अकराशे."

समोर प्रेमदास मान खाली घालून बसले होते, पण ऐकत होते. वासुदेवरावही ऐकत होते. फोन स्पीकरवरच होता.

"दिसत होतं," अश्वजित म्हणाला.